नसेचं माप

"परत घे," डोळे तपासायच्या यंत्राच्या टेकणीवरून हनुवटी न उचलताच शिवणकामवाल्या आजी म्हणाल्या.

यंत्रावरची मुलगी कचरली. तिसऱ्या खेपेलाही आजींची पापणी मिटली होती.

"दमलात आजी. उद्या या."

"उद्या नाही. चाळीस वर्षं मापं घेतली मी. चुळबुळ करणाऱ्याला कधी तसंच सोडलं नाही. तूही सोडू नकोस."

मुलगी हसली. आजींनी हिरव्या ठिपक्यावर नजर रोवली. डोळ्यांत पाणी साचलं, गालावरून ओघळलं, पण पापणी लवली नाही. यंत्रातल्या एका कॅमेऱ्याने डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत रक्त किती खेळतंय ते टिपलं, दुसऱ्याने त्या रक्तात ऑक्सिजन किती आहे ते.

दोन वर्षं त्या जीव तोडून सांगत होत्या, कापडाचा डावा काठ दिसेनासा झालाय. दोन दवाखान्यांनी डोळ्यातला दाब मोजून 'सगळं ठीक' म्हणत वाटेला लावलं होतं. मुलगा म्हणे, आईचं आपलं काहीतरीच. सुनेने तेवढा विश्वास ठेवला आणि त्यांना इथवर आणलं. आत्ता ती बाहेर पैसे भरायच्या रांगेत उभी होती.

डॉक्टरांनी आकडे पाहिले. "तुमचं खरं आहे. नसेला रक्त कमी पडतंय. रक्तदाबाची गोळी कधी घेता?"

"झोपताना. सकाळच्या गडबडीत राहून जाईल म्हणून सुनेनेच ती वेळ ठरवली. एक दिवस चुकवत नाही पोर."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "झोपेत रक्तदाब तसाही उतरतो. त्यात गोळी. रात्री नसेपर्यंत रक्त पुरत नसावं. यापुढे सकाळी घ्या. गोळी देणाऱ्या तुमच्या डॉक्टरांशी मी बोलतो."

"गेलेली नजर?"

"ती परत येत नाही. उरलेली राखू."

आजींनी रुमालाने गाल पुसला, रुमालाची नीट घडी केली.

"कशामुळे झालं, तेही कागदावर लिहिणार?"

"लिहावं लागतं."

"तुमच्या दप्तरी लिहा. माझ्या कागदावर नुसती वेळ लिहा. माझ्या सुनेला वाचता येतं."

डॉक्टरांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि नवा कागद घेतला.

बाहेर सुनेने तो उभ्या उभ्या वाचला. "सकाळी का हो, आई?"

"नवा डॉक्टर, नवी तऱ्हा."

सुनेची नजर त्या ओळीवरून हलेना. मग ती हळूच म्हणाली, "उद्यापासून गोळी तुम्हीच घ्याल का?"

"छे, माझ्या हातून चुकेल. तूच द्यायचीस," आजी म्हणाल्या आणि जिन्याकडे चालू लागल्या.