लेबलावरची निळी खूण

ताईंनी तिसऱ्यांदा माउसवरचा हात उचलून रुमालाला पुसला. पडद्यावर लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधाचं लेबल होतं. ‘५ मिली’ हवं तिथे साहेबांच्या हातून ‘५५’ पडलं होतं, आणि चार वाजता लेबल छपाईला जायचं होतं. चाराला दहा कमी होते.

कालपर्यंत यात काही अवघड नव्हतं. सगळं काम कोपऱ्यातल्या टेबलाखालच्या सर्व्हरवर असायचं. लेबल तयार करून साहेब चहाला उठले, की ताई फाइल उघडायच्या, चुका गुपचूप सुधारायच्या. दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. सांगायची सोय नव्हती. साहेब म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस. ताईंच्या आधीच्या तपासनिसाने चारचौघांत एक चूक दाखवली आणि महिनाअखेरीला तो घरी बसला.

सकाळी इंजिनिअरने तो सर्व्हर बंद केला.

“आता सगळं क्लाउडवर. कोणी, कधी, काय बदललं, नावासकट दिसणार!”

“आणि पुसायचं म्हटलं तर?” ताईंनी विचारलं.

“साहेबांनाही पुसता येणार नाही.”

साहेब शेजारीच उभे होते. हल्लीच्या सवयीने उजवा हात खिशात घट्ट दाबलेला. ते केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

ताई उठल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा बसल्या. केबिनचं दार बंद होतं. साहेब आज चहालाही उठले नव्हते. ही नोकरी गेली तर या वयात कोण दारात उभं करणार? आणि ते पंचावन्न तसंच गेलं तर कुणाचं तरी लेकरू... पुढचा विचार त्यांना करवेना. स्वतःचाच राग आला.

इतक्यात आकड्याशेजारी एक निळी खूण येऊन थांबली. तिच्यावर साहेबांचं नाव होतं. म्हणजे केबिनमधून ते हेच लेबल बघत होते. ताईंचा जीव भांड्यात पडला. आता स्वतःच सुधारतील.

एक मिनिट गेलं. दोन गेली. खूण तिथेच होती, आकडाही तसाच होता.

“जाऊ दे नोकरी,” ताई पुटपुटल्या आणि जास्तीचा पाच खोडला. लगेच तिथे त्यांचं नाव उमटलं.

केबिनमध्ये खुर्ची करकरली. ताई दाराकडे बघत राहिल्या. कोणी बाहेर आलं नाही.

पडद्यावर निळी खूण सावकाश खालच्या ओळीवर सरकली. तिथे एक अक्षर तीनदा उमटलं होतं. खूण त्याच्यापाशी वाट बघत थांबली.

ताईंनी खुर्ची पुढे ओढली.