दोनशे चाळीस पानं

शनिवारी दुपारी शिलाईचं दुकान बंद झालं की ताईच्या कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर लढाई जुंपायची. लढाई पत्त्यांसारख्या छापील पानांची. प्रत्येकाकडे साठ पानं, त्यांत राक्षस, पक्षी, जादूगार, मंत्र, आणि प्रत्येक पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत त्याचे नियम. खेळणारी माणसं चारच. ताई; छापखान्यात कागद कापायच्या मशीनवर असलेला तिचा धाकटा भाऊ; त्याची बायको, जिला फक्त मोठाले राक्षस आवडायचे; आणि औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. नियमावरून वाद झाला की शेवटचा शब्द त्यांचा, म्हणून त्यांना सगळे हायकोर्ट म्हणत.

बारा वर्षं हा खेळ चालला होता. ताईला हरवणारा आठवडाभर ते सांगत फिरायचा.

आणि आता ताईच्या नजरेच्या बरोबर मधोमध एक धुरकट डाग येऊन बसला होता. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट. तो जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. मशीन ती हाताच्या सवयीने चालवायची, पानं चित्रांवरून ओळखायची, आणि तीन महिने तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. पण एका शनिवारी भावजयीने एका नव्या राक्षसाचं पान टाकलं. ताईला ते वाचता येईना, आणि तिने आपला चांगला धष्टपुष्ट पक्षी नेऊन खुशाल त्याच्या तोंडात दिला. मग सगळं बाहेर आलं. तिघंही आपापली पानं तिला वाचून दाखवू लागली, हळू आवाजात, आजाऱ्याची चौकशी करावी तशी. ताईला ते फार लागलं.

"पुढच्या वेळेपासून मी चहा करीन," ती म्हणाली. "खेळा तुम्ही."

धाकटा ऐकणाऱ्यातला नव्हता. पाय मोडून तो घरात पडला होता, तेव्हा हा खेळ त्याला ताईनेच शिकवला होता आणि ते तो विसरला नव्हता. दोन दिवसांनी तो एक गठ्ठा घेऊन आला. प्रॉक्सी पानं, म्हणजे खऱ्या पानांच्या बदली स्वतः छापलेली. स्पर्धेत चालत नाहीत, विकायची नसतात, पण घरच्या खेळाला कोण विचारतं?

"तुझी साठच्या साठ केली," तो म्हणाला. "अक्षरं बघ!"

अक्षरं खरंच दुकानाच्या पाटीला शोभतील अशी होती. पण ती मावावीत म्हणून पठ्ठ्याने चित्रंच उडवली होती. ताईने सात पानं हातात पसरली. सातही सारखीच, पांढरी आणि मजकुराने गच्च.

"अरे, ही पानं आहेत की औषधाच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या? चित्रांवरूनच तर ओळखत होते मी!"

धाकट्याने कपाळावर हात मारून घेतला. दोघं पोट धरधरून हसली. हसू ओसरल्यावर ताईने त्याचा हात धरला.

"राजा, चित्रं घातलीस तरी उपयोग नाही. माझी साठ मी वाचीन. तुम्हा तिघांच्या एकशे ऐंशींचं काय? ती तुम्ही मला वाचून दाखवणार. मग मी खेळते कुठे? तुम्ही मला खेळवताय."

धाकट्याच्या मनात आलं, सगळ्यांचीच पानं छापली तर? पण ते हायकोर्टांपुढे टिकलं नसतं. अल्बममध्ये एकेक अस्सल पान जपणारे ते गृहस्थ. प्रॉक्सीचं नाव काढलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नकली पान हातात धरणार नाही, असं त्यांनी भावजयीला एकदा तोंडावर ऐकवलं होतं.

त्या शनिवारी कुणी आलंच नाही. धाकट्याचा निरोप आला, छापखान्यात काम आहे. हायकोर्टांचं म्हणे डोकं दुखत होतं. ताईने रिकामं टेबल पुसलं आणि मनाशी म्हणाली, बरं झालं, सगळ्यांनाच सोपं झालं. बरं काहीही झालं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मात्र तिघं एकदमच दारात. ताईच्या खुर्चीसमोर धाकट्याने नवा गठ्ठा ठेवला. पाठीमागून अपारदर्शक अशा प्लास्टिकच्या पाकिटात एकेक साधा खेळायचा पत्ता, त्याच्यापुढे सरकवलेला छापील कागद, म्हणजे जाडी सगळ्यांची सारखी. चित्र पानभर. खाली तीन-चार ठळक शब्दांत नियम, आणि तोच नियम वरच्या कडेला उलटा.

"उलटा कशाला?"

"समोर बसणाऱ्याला सुलटा दिसावा म्हणून," भावजय म्हणाली. "ही अक्कल माझी आहे हं ताई, यांची नाही."

"आणि एवढ्या लांबलचक नियमांचे चार शब्द कुणी केले?"

धाकट्याने नुसती हनुवटी उडवली. हायकोर्ट मान खाली घालून आपली पानं बाहेर काढत होते. तीही प्रॉक्सीच होती. भावजयीचीही. दहा-बारा दिवस रोज संध्याकाळी छापखान्यातल्या स्टुलावर बसून हायकोर्टांनी दोनशे चाळीस पानांचे नियम खोडून-खोडून बसवले होते.

ताई त्यांच्याकडे वळली. "अहो, तुमचे आभार मी कुठल्या तोंडाने..."

"आधी पानं पिसा," हायकोर्ट म्हणाले.

डाव रंगला. हायकोर्टांनी आपला म्हातारा जादूगार पुढे करून, आधी वापरलेला एक मंत्र परत हातात घेतला. थोड्या वेळाने आणखी एक. ताई पुढे वाकली, मान तिरकी केली आणि डागाच्या कडेने बघत टेबलापलीकडचं जादूगाराचं पान स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं.

"थांबा! इथे 'डावात एकदाच' लिहिलंय. तुम्ही तर बारा वर्षं दोन-दोनदा उचलताय!"

भावजय उडालीच. हायकोर्टांचे कान लाल झाले.

"अस्सल पानावरही तसंच आहे," ते म्हणाले. "मलाही लिहिताना कळलं. आपल्यातल्या एकानेही कधी वाचलं नव्हतं."

"मग आज का उचललात?"

"म्हटलं बघू, तुम्हाला दिसतं का." त्यांनी दुसरा मंत्र मुकाट परत ठेवला. "ताई, मला पकडणारं कुणीतरी समोर पाहिजे. या दोघांच्याने ते होणार नाही."

ताईच्या डोळ्यांना धार लागली आणि तिने ती लपवली नाही.

"तुम्हा तिघांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही," ती म्हणाली, आणि हातातलं एक पान टेबलावर आपटलं. "आता उचला तो जादूगार. मेला तो."