ताईने दाखवलेले कागद

ताई मेंदूच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होती. उंदरांना दहा दिवस रोज दोन तास अरुंद नळीत अडकवून ठेवायचं, मग त्यांच्या मेंदूचे पातळ काप रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका चेतापेशीच्या फांद्या कागदावर गिरवून मोजायच्या. साहेब म्हणायचे, बायकोच्या हिशेबात चूक निघेल, ताईच्या मोजणीत नाही.

तिचा धाकटा भाऊ अग्निशमन दलात फोनवर बसायचा. एका गोदामाला आग लागली तेव्हा आत अडकलेल्या बाईशी तो चाळीस मिनिटं बोलत राहिला. गाडी येतेय, येतेय, असं सांगत. गाडी पोचली, पण उशिरा. पुढे महिनाभर त्याने नेटाने ड्यूटी केली आणि एक दिवस हेडफोन काढून ठेवला तो कायमचा. फोन वाजला की त्याच्या हातातली वस्तू गळून पडायची. ताईने घरातले फोन मुके केले, दाराची बेल काढून टाकली, डॉक्टरांकडे नेऊन त्याला गोळ्या सुरू केल्या. वर्ष गेलं, तरी फरक नव्हता.

एका दुपारी त्यानेच विचारलं, तू तिथे नेमकं काय करतेस? तिला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी ती गिरवलेले कागदच घरी घेऊन आली. ताणाने आठवणींच्या भागातल्या फांद्या आखडतात, भीतीच्या भागातल्या उलट वाढतात, असं तिने बोट ठेवून दाखवलं. तो बराच वेळ बघत होता.

"नळीतून सोडल्यावर?"

"आठवणींच्या फांद्या परत फुटतात. काही आठवड्यांत."

"आणि त्या दुसऱ्या?"

खोटं बोलता आलं असतं. माणूस म्हणजे उंदीर नव्हे, असंही म्हणता आलं असतं, आणि ते खरंच होतं. पण पंधरा वर्षं ती दिसेल तेवढंच लिहीत आली होती.

"आम्ही बघितलं तोवर तरी तशाच होत्या."

त्याने कागद नीट जुळवून तिच्या हातात दिले. त्या संध्याकाळपासून गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायचा, "जाऊ दे गं ताई, तू पाहिलंयस ना." तिने परोपरीने समजावलं, त्याच्या पाया पडली, साहेबांना घरी आणलं. साहेब तासभर त्याच्या खोलीच्या बंद दाराशी बोलून निघून गेले.

आता त्याचं ताट ती दाराबाहेर ठेवते आणि कामावर जाते. तिथे उंदरांचा नवा गट आलेला असतो. नळीच्या तोंडाशी उंदीर अंग चोरून मागे सरकतो. ती अंगठ्याने त्याला अलगद पुढे ढकलते.