हेल्मेटमधले संवाद

तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण घरी सगळे त्याला वकील म्हणत. कारण सिनेमा कोणताही असो, उलटतपासणी घेतल्याशिवाय हा उठायचा नाही. त्याची थोरली बहीणही काही कमी नव्हती. माणसांच्या कातडीखाली वाढणाऱ्या अंतराळातल्या किड्याच्या सिनेमाचे चारही भाग दोघांनी कितीदा पाहिले आणि दर वेळी तेवढेच भांडले.

त्या रविवारी दुपारी वकिलाचा मेहुणा, बायकोचा भाऊ, मुद्दाम आला होता. त्याच्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक सांभाळायला आणि फोन घ्यायला माणूस हवं होतं. ताईनं दातांच्या दवाखान्यातली नोकरी नुकतीच सोडली होती. "तिचं कुणाशी पटतच नाही," असं वकिलानंच चारचौघांत सांगून ठेवलेलं. तरी बहीण ती बहीण, म्हणून त्यानं मेहुण्याकडे शब्द टाकला होता.

चहा घेत सगळ्यांनी चौथा भाग पाहिला. तो संपताच ताई म्हणाली, "सगळं थोतांड! दार उघडायचा आकडा त्या मेकॅनिकला कळला कुठून? कुणी सांगितलाच नाही."

मेहुण्यासमोर वकिलाला चेव आला. "अगं, कॅप्टन सांगते की! दोघं हेल्मेट घालून यानाबाहेर असतात तेव्हा. दुसऱ्या भागातही तुझं तेच. किडा मिठाला भितो हे डॉक्टरीणबाई अंधारात स्पष्ट सांगते, आणि तू म्हणे, बाकीच्यांना कसं कळलं? तिसऱ्यात पायलट पाठमोरा उभा राहून कबुली देतो, तर तुझ्या लेखी तो निर्दोष!"

मेहुणा खो खो हसला. "हेल्मेट, अंधार, पाठ..." वकील बोटं मोजायला लागला आणि तिसऱ्या बोटावर थांबला.

तोंड न दिसता बोललेलं एकही वाक्य ताईपर्यंत पोचलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर दिवसभर मास्क लावून बोलायचे. ही जीभ झडली का नाही, असं वकिलाला झालं.

मेहुण्याचंही हसू थांबलं. शेवटी दुकानदार तो, पारखून घेणारा. कपात तोंड घालून हळूच म्हणाला, "ताई, सोमवारपासून येताय ना?"

ताई भावाकडेच बघत होती, त्याच्या पुढच्या मुद्द्याची वाट पाहत.

"ताई, ते विचारताहेत, सोमवारपासून येणार का?" वकिलानं शब्द इतके मोठ्यानं आणि सुटे सुटे उच्चारले, की त्याची त्यालाच लाज वाटली.

ताईनं सगळ्यांचे चेहरे पाहिले आणि काय ते समजली. "ओरडू नकोस रे. तोंड दिसलं की मला पुरतं." मग मेहुण्याकडे वळून म्हणाली, "फोन नाही जमायचा. बाकी सगळं करीन."

"बघू, कळवतो," म्हणत मेहुणा उठला. वकिलाची बायको भावाला सोडायला खाली गेली.

खोलीत बहीणभाऊच उरले. वकील खाली मान घालून बसला होता. "माझं चुकलं गं ताई," तो पुटपुटला.

"मान वर करून बोल," ताई म्हणाली. "मला कळत नाही."

वकिलाला नेमकं तेवढंच जमेना.