आभाळातून पडलेला दगड आणि अक्काच्या गोळ्या

“बोला, परग्रहबाबा की…!”

“जय!”

हा जयजयकार माझ्या थोरल्या बहिणीच्या, धुरपदाअक्काच्या, केळीबागेत चालला होता. वरणगावपासून भडगावपर्यंतच्या जीपगाड्या बांधावर लागल्या होत्या. बागेतल्या मोकळ्या जागेत रांजणाएवढा काळा-हिरवा दगड होता आणि त्याला अगदी खेटून, चंदेरी झगा पसरून, दाढीवाले परग्रहबाबा बसले होते.

“भक्तहो,” बाबा घसा खाकरून म्हणाले, “हा पाषाण शनीच्या पलीकडून निघाला. वाटेत चंद्राला भेटला. वजन म्हणाल तर भरलेला केळीचा ट्रक! पण मन शुद्ध असेल तर फूल. ओम गॅलेक्सी, ओम एनर्जी!”

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले, झगा सावरला आणि तो दगड एका हाताने डोक्यावर उचलला. लोकांनी ‘आ’ वासला. मागच्या बाजूला नारळांचा खच पडला होता, त्यात आणखी भर पडली.

आमच्या गावाला याचं एवढं वेड लागायला कारण होतं जीवराम भगत. खंडेरावाच्या यात्रेत एकमेकींना बांधलेल्या बारा गाड्या हाच ओढतो. आमच्याकडे देव अंगात आहे की नाही, हे माणूस किती ओझं हलवतो यावर ठरतं. या जीवरामने दगडाच्या कडेला हात घालून जोर लावला, तोंड लालबुंद झालं, धोतर सुटायची वेळ आली, पण दगड जागचा हलला नाही. मग काय, जीवरामनेच बाबांचे पाय धरले.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस. मी म्हणालो, “अरे, आत्ताच इथे आपल्या कामिनीच्या सिनेमाचं शूटिंग झालं ना? परग्रहावरून हल्ला होतो, हाणामारी होते, तो सिनेमा! हा दगड त्यातलाच असणार.”

शेजारच्या सुनंदाबाईंनी मला वेड्यात काढलं. “मास्तर, तो नकली व्हता. नकली दगड पाहूनच तं हा असली खाली उतरला!”

यावर काय बोलणार?

हे सगळं मी हसण्यावारी नेलंही असतं. पण बाबांनी फर्मान काढलं होतं की, ज्याने दगडाला हात लावला त्याने औषधाला हात लावायचा नाही. दगडासमोरच्या टोपलीत म्हाताऱ्या माणसांनी गोळ्यांची पाकिटं वाहिली होती. त्यातच अक्काची स्टीलची डबी होती. तिला जुना मधुमेह आहे. आदल्या दिवशी ती ओट्यावर चक्कर येऊन बसली, तर म्हणते कशी, “रोग निघू राह्यला बाहेर.” मला तिची खरंच काळजी वाटायला लागली होती.

मी जळगावला फोन लावला. कामिनी, आमच्याच गावची, माझी विद्यार्थिनी आणि या सिनेमाची दिग्दर्शक. सगळं ऐकून ती आधी पोट धरून हसली. अक्काच्या गोळ्यांचं सांगितलं तेव्हा मात्र म्हणाली, “येते, सर.”

ती आली तेव्हा आरती रंगात होती. तिने सरळ माइक हातात घेतला.

“मंडळी, सिनेमातल्या गमती सांगते. आमची लेझर गन म्हणजे फवारणी पंपाची नळी. परग्रहवासीयांचे झगे टरबुजाच्या वाफ्यावर अंथरायच्या चंदेरी मल्चिंग पेपरचे. ते घालून उन्हात आमचे दोन परग्रहवासी चक्कर येऊन पडले, त्यांना ताक पाजलं. आणि हा दगड केळी पॅकिंगच्या फोमचा! वरून कागदाचा लगदा आणि रंग. पहिल्या दिवशी वावटळ आली, तर दगड उडून शेजारच्या कापसात गेला आणि हीरो त्याच्यामागे ‘पकडा, पकडा’ करत धावला. म्हणून आम्ही त्याच्या तळाला फळी बसवली आणि जमिनीत ठोकलेल्या लोखंडी पट्टीला, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या पिनेने अडकवून टाकला. शूटिंग संपलं आणि तो तसाच इथे राहिला.”

“खोटं!” बाबा गरजले. “झग्याजवळ कोणी यायचं नाही! भस्म होईल!”

“ट्रॉलीची पिन?” जीवराम पुटपुटला. रोज ट्रॅक्टर जोडणारा माणूस तो. पण पाय पुढे टाकायची त्याची हिंमत होईना.

पुढे आली अक्का. “पेपर माह्या टरबुजाचा हाये,” ती म्हणाली, “म्या दिला व्हता पोरीले. माह्याच पेपरानं मी कशी भस्म व्हईन?” आणि तिने झग्याचा काठ वर केला. बाबांच्या पायाच्या अंगठ्यात दोरी होती. दोरीच्या टोकाला पिन होती. दगड उचलायचा असला की बाबा अंगठा ओढत, दुसरा कोणी जोर लावणार असला की झग्याआडून हाताने पिन परत आत.

अक्काने पिन ओढली आणि दगड उचलून डोक्यावर धरला.

 मग सुनंदाबाई किंचाळल्या, “अक्काच्या अंगात आली व माय!” आणि अर्धी गर्दी अक्काच्या पाया पडायला धावली!

मी कपाळाला हात लावला.

“माह्या पायी काहाले पडता रे?” अक्का कडाडली. “फोम हाये हा, फोम! घ्या, उचला!” आणि तिने दगड सुनंदाबाईंच्याच अंगावर फेकला. त्यांनी तो झेलला, तिथून तो जीवरामकडे गेला. त्याने करंगळीवर तोलून पाहिला आणि खो-खो हसत सुटला.

तेवढ्यात घामाने बाबांची चिकटवलेली दाढी गळून पडली. आतून धुळ्याकडचा रुपचंद निघाला, सिनेमातला तिसऱ्या रांगेतला परग्रहवासी. “मना बठ्ठा सीन कापी टाकात!” त्याचे सगळे सीन सिनेमातून कापले होते, म्हणून तो रडकुंडीला येऊन म्हणाला. “मी काय करू?”

“म्हातारी माणसं मरायला टाकलीस, हे केलंस,” कामिनी म्हणाली.  गावाने त्याला पोलिसांच्या हवाली केलं.

टोपलीतल्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या होत्या, म्हणून सगळ्यांना डॉक्टरांकडे नेलं. अक्काची साखर पाहून डॉक्टरांनी तिला असं झापलं की, बाहेर उभा असलेला जीवरामसुद्धा घाबरला.

जीवराम आता मला विचारतो, “मास्तर, एवढ्या लोकाईतून कोनीच कसं खाली वाकून नही पाह्यलं?” मी म्हणतो, वर बघायला सांगणारा माणूस समोर होता म्हणून. तेव्हा बाबांनो, कोणी आभाळाकडे बोट दाखवलं, की आधी त्याच्या पायाखाली बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.