पारोशी

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे. माझा रंग निळा होता. आता विचाराल तर धुळीचा सांगावा लागेल. बिबवेवाडीत कुलपं दुरुस्त करणाऱ्या रहीमभाईंकडे आले, तेव्हाच मी दुसऱ्याच्या हातची होते. तरी दर शुक्रवारी ते मला फडक्याने पुसत आणि म्हणत, "कोण म्हणेल जुनी?" खोटं होतं, पण मला आवडायचं.

एका संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही घरी निघालो. वाटेत दोघांनी अडवलं. चाकू चालला. झटापटीत त्यांच्यातल्याच एकाचा हात कापला, आणि पळताना तोल सावरायला त्याने माझा आरसा धरला. काचेवर त्याची बोटं रक्ताने उमटली. रहीमभाई दवाखान्यात पोचण्याआधीच गेले.

मी सगळं पाहिलं होतं, पण मला बोलता येत नव्हतं. जे सांगायचं ते आरसाच सांगणार होता.

मग हद्दीचा प्रश्न निघाला. तो रस्ता दोन पोलीस ठाण्यांच्या मधला. एका ठाण्याने मला उचलून आवारातल्या पत्र्याखाली लावलं आणि तपास दुसऱ्याकडे ढकलला. दुसरं म्हणालं, गाडी तुमच्याकडे आहे, तुम्हीच बघा. रहीमभाईंची बायको परवीन दोन्हीकडे खेपा घालत राहिली.

"बाई, आधी हद्द ठरू द्या," टेबलामागचे साहेब म्हणाले.

"ते हद्द विचारून नाही मेले, साहेब."

ती आरसा झाकायला फडकं घेऊन आली, तर "हात लावू नका, पुरावा आहे" म्हणून तिला परत पाठवलं. पुरावा होता. तो घ्यायला मात्र कोणी येत नव्हतं.

दसऱ्याआधीची खंडेनवमी उजाडली. पूजेसाठी आवारातल्या गाड्या धुवायला हवालदार महिपती नळी घेऊन निघाले. जीप झाली, मोटारसायकली झाल्या, आणि ते माझ्याकडे वळले. तेवढ्यात परवीन फाटकातून आत आली.

"थांबा, भाऊ. तिला पाणी लावू नका."

"अहो ताई, सणाची गाडी पारोशी ठेवायची? जप्तीतली असली म्हणून काय झालं?"

पाणी माझ्या चाकापर्यंत आलं होतं. एक शिंतोडा काचेवर उडाला आणि करंगळीचा ठसा विरघळू लागला. परवीन नळीच्या आणि माझ्या मध्ये येऊन उभी राहिली. पुरती भिजली.

"राहू दे पारोशी. आरशावर त्या माणसाची बोटं आहेत. अजून कोणी बघितलीच नाहीत."

महिपतींनी नळ बंद केला. वाकून काच पाहिली आणि ते तडक आत गेले. मग त्यांचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"साहेब, हद्द नंतर ठरवा. मी आत्ता पुरावा धुणार होतो."

दुपारी तपासणीची माणसं आली. पंचांसमोर आरसा काढून सीलबंद केला. करंगळी गेली होती. बाकीची बोटं शाबूत होती. अहवाल अजून आलेला नाही. परवीन विचारायला येते, तेव्हा जाताना माझ्यापाशी थांबते.

मित्रांनो, आपल्या वस्तू जरूर धुवा, पुसा. पण एखादीवर कोणाचा न्याय अडकला असेल, तर आधी तिच्याकडे नीट पाहा. आणि पाहायला सणाची वाट बघू नका.

त्या दिवशी साऱ्या गाड्यांना झेंडूचे हार पडले. माझ्या आरशाच्या रिकाम्या दांडीला महिपतींनी एक फूल अडकवलं. पाणी मात्र लावलं नाही.

मी अजून पारोशीच आहे.