आले की आला

“मग ते बजारातून आला आणि ओसरीवर बसला,” मुकुंदनं वाचलं आणि तो थबकला.

खाटेवर पडलेल्या त्याच्या आईनं, गोदाबाईनं, डोळे उघडले. माघात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून तिचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि वाचा गेली होती. राहिला होता एकच शब्द, हौ, म्हणजे हो. पण आत्ता ती हौ म्हणाली नाही. तिचा डावा हात पांघरुणातून हळूहळू वर आला, तिनं पदर चाचपला, कपाळापर्यंत ओढला. मग तिनं मान हलवली. असं नाही.

“काय झालं, आई?”

आई त्याच्याकडे बघत राहिली. रागानं नव्हे हो, राग परवडला असता. अनोळखी माणूस घरात शिरून आपलंच म्हणून काही भलतं सांगत असावा, तसं ती बघत होती.

मुकुंदनं लॅपटॉपचा पडदा जवळ घेतला. ते आला. ते बसला. ते म्हनला. पानभर तेच. ‘ते’ म्हणजे मुकुंदचे बाबा, प्रेमलाल. ते जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण आईनं त्यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, की त्यांना कधी एकेरीत हाक मारली नाही. त्यांचा विषय निघाला की हात आपोआप पदराकडे जायचा. आणि इथे तीच बाई नवऱ्याला ‘आला, बसला’ म्हणत होती, जसा काही तो गोठ्यातला बैल.

हे कोणी केलं, ते मुकुंदला लगेच कळलं.

मुकुंद हिंदी मुलखातल्या बालाघाटात सरकारी कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होता. सगळी नोकरी त्याच एका खुर्चीवर काढली. मोठा हुद्दा मिळाला नाही, पण एक विद्या त्याच्याकडे होती आणि तिच्यावर तो खूश असायचा. साहेबाची बदली झाली की शेकडो नोटिसांमधलं जुनं नाव काढून नवं घालायचं असे. बाकीचे बाबू एकेक फाइल उघडून बसत. मुकुंद काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायचा. सेड नावाची ती आज्ञा. एस, तिरकी रेघ, जुनं नाव, तिरकी रेघ, नवं नाव, तिरकी रेघ, जी. एंटर दाबलं की सगळ्या फाइलींमधला जुना साहेब गायब आणि नवा हजर. “मुकुंद भैया ने तो कलेक्टर से पहले ट्रांसफर कर दिया,” असं म्हणून बाबू लोक हसायचे. कचेरीत मात्र तो मूळ फाइलींची नक्कल बाजूला ठेवल्याशिवाय एंटरला बोट लावत नसे. तिथं चूक झाली तर विचारणारं कोणी होतं ना!

रिटायर झाल्यावर त्यानं गावाकडून, राजेगावहून, आईला कायमचं आपल्याकडे आणलं. दुपारी ती सुपात चिन्नोर तांदूळ निवडत बसायची आणि बोलत राहायची. माहेरच्या गोष्टी, सासूचे टोमणे, पहिल्यांदा गोंदियाला आगगाडी पाहिली ते, बाबांचं हसणं. मुकुंद शेजारी बसून ती बोलेल तसं टाइप करायचा. फोनवर आवाज भरून ठेवू का म्हटलं, तर ती म्हणाली, “त्या डबीत मले नोको कोंडू. तू आयकून राह्यला ना? बस झालं.” अशा दुपारच्या फाइली साठत गेल्या. ‘प्रेमलाल यांच्याविषयी’, ‘बालाघाटची जत्रा’, अशी नावं त्यानंच वरती घातली.

मग गेल्या दिवाळीत पुण्याहून सूनबाईंचा फोन आला. मुलाची, चिन्मयची बायको अपूर्वा, चांगली मुलगी. “बाबा, चिन्मय म्हणाला तुम्ही आजींच्या आठवणी लिहिल्यात. आजच पाठवा ना, माझ्या आईलापण वाचायच्यात.”

तिची आई! पुण्यात शाळेत मराठी शिकवणारी! मुकुंदनं फाइल उघडली आणि पहिल्याच ओळीत ‘मले काहून सांगून नाही गेले’ दिसलं. शाळेतली लाज पुन्हा अंगावर आली. लहानपणी तो बालाघाटात वसतिगृहात होता, तेव्हा आई राजेगावहून डबा घेऊन आली आणि सगळ्या वर्गासमोर मास्तरांना म्हणाली, “गुर्जी, माह्या पोराले सांभाळा जी.” झालं! पुढे कित्येक दिवस मुलं त्याला ‘पोराले’ म्हणून हाक मारत होती. त्यानंतर मुकुंद ‘मला’ म्हणू लागला तो कायमचा. ‘माय’ म्हणणंही त्यानं सोडलं. आईलाही त्यानं बजावलं होतं, मला म्हण, मले नको. “हौ, म्हनीन,” ती हसून म्हणाली होती, पण ते तिच्या जिभेला काही जमलं नाही.

तर त्या दिवशी मुकुंदनं काळा पडदा उघडला. काहून काढून का घातलं. मंग काढून मग. अन् काढून आणि. इथवर ठीक. पण मले, तुले, देवाले, बापाले, गावाले, एकेक कुठे शोधत बसणार? त्यानं सरळ लिहिलं: एस, तिरकी रेघ, ले, तिरकी रेघ, ला, तिरकी रेघ, जी. नक्कल ठेवली नाही. घरचंच तर होतं. एंटर दाबलं, वरच्या दोन ओळी बघितल्या. मला, तुला, झकास. पुण्याला पाठवून दिलं आणि निवांत चहा प्याला.

आता डॉक्टर म्हणाले, “अम्मा को जान-पहचान की बातें पढ़कर सुनाइए,” म्हणून त्यानं फाइल उघडली, तर हे. शब्दात कुठेही ले असो, त्याचा ला झाला होता. लेकराचं लाकरू झालेलं. आणि बाबा, सगळीकडे, आला नि गेला.

त्यानं पुण्याला फोन लावला. “अपूर्वा, तुला ते वाचताना काही खटकलं नाही का गं?”

“खटकलं ना, बाबा. ‘ते आला’ वगैरे.” ती जरा घुटमळली. “पण मला वाटलं, तिकडे असंच बोलतात.”

मुकुंदनं फोन खाली ठेवला. आईची बोली त्यानं लपवायला काढली होती, आणि ज्यांच्यापासून लपवायची त्यांच्यापुढे तिला अडाणी करून बसवली होती. इतकं वाईट त्याला बाबा गेले तेव्हाही वाटलं नव्हतं.

मग सगळे उपाय झाले. आता मात्र शहाण्यासारखी नक्कल ठेवून त्यानं आज्ञा उलटी फिरवून पाहिली, ला काढ, ले घाल. बायको अलकनंदा मागं उभी राहून वाचत होती. “अहो, लेडू म्हणजे काय?” ती हसायला लागली. लाडूंचे लेडू झाले होते, बालाघाटचं बालेघाट आणि वर ठळक अक्षरात ‘प्रेमलेल यांच्याविषयी’. मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि हसणं आवरलं.

“हातानंच करावं लागेल,” मुकुंद म्हणाला.

“मग करा की. त्यांच्याजवळ बसून करा.”

तो खाटेशेजारी बसला. मलाचं मले, देवालाचं देवाले, ते सोपं होतं. लाकराचं लेकरूही झालं. पण ‘आला’ पुढे आला की घोडं अडायचं. आई बोलायची भरभर, नाव न घेता, एका गोष्टीतून दुसरीत उडी मारत. कोण आला? भाऊ आला असेल, सालगडी महागू आला असेल, तर आला. आणि बाबा असतील तर आले. एकच माणूस ते जाणत होतं.

“आई, मी वाचतो. तू सांग.” तो म्हणाला. मग घसा खाकरून त्यानं वाचलं, “मले त्या दिवशी ताप होता. अन् ते... आले...”

आईनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. पोराच्या तोंडून मले! तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू उमटलं, आणि डावा हात पदराकडे गेला.

“आले ना, माय?”

“हौ.”

तशी रीतच पडली. तो वाचायचा आणि तिच्या हाताकडे बघायचा. हात पदराकडे गेला की ले, नाही गेला की ला. महागू आला की हात गप्प. बाबा आले की पदर कपाळावर. अलकनंदा दारातून बघायची आणि आवाज न करता परत जायची. मुकुंदला त्या दिवसांत वाटायचं, हे सगळं आधी का नाही केलं? ती धडधाकट होती, बोलत होती, तेव्हा मी तिच्याशी पुस्तकी बोलत बसलो. आणि ती बिचारी आपल्याच घरात पाहुण्यासारखी जपून बोलायची.

पण काळ कुणासाठी थांबतो होय? चैत्र सरता सरता आईची नजर विझत चालली. हात उठेनासा झाला. कशालाही हौ म्हणू लागली. दिवा लावू? हौ. मालवू? हौ. फाइली अजून पुष्कळ उरल्या होत्या.

त्या दुपारी एक ओळ आली. ना आगा ना पिछा. मुकुंदनं ती आधी मनात वाचली. मग त्यानं हळूहळू वाचलं, “भाकर झाकून ठेवली. रात्री आला, बोलला नाही, जेवला नाही, भिताडाकडं तोंड करून निजला. मी बी नाही जेवली.”

बाबा शेतावरून चिडून आले की असेच न जेवता निजायचे. पण त्या डब्याच्या दिवशी, वर्गातली पोरं हसल्यावर, मुकुंदही वसतिगृहातून तडक राजेगावला गेला होता. आईशी एक अक्षर बोलला नव्हता. भिंतीकडे तोंड करून पडला होता. आई जेवली की नाही, हे त्यानं तेव्हा बघितलं नव्हतं, आणि पुढेही कधी विचारलं नव्हतं.

“माय, हे बाबांचं का माह्यं?”

हात हलला नाही.

“आले?”

“हौ.”

“आला?”

“हौ.”

मुकुंदनं डोळे पुसले. त्या ओळीतलं शेवटचं वाक्य सेडच्या तडाख्यातून सुटलं होतं. त्यात ले नव्हताच. मी बी नाही जेवली. ते मात्र अक्षर न् अक्षर तिचं होतं.

अलकनंदा पेजेची वाटी ठेवून गेली. त्यानं चमचा भरला, आईच्या ओठांशी नेला. “घे माय, थोडीशी.”

आईनं तोंड मिटून घेतलं. कितीतरी दिवस न उठलेला तो डावा हात पांघरुणावरून सरकत सरकत आला, वाटीला टेकला, आणि तिनं वाटी त्याच्याकडे ढकलली. थोडी पेज चादरीवर सांडली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मुकुंदनं तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. मग दुसरा भरून पुढे केला, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

पेज संपल्यावर त्यानं हात धुतले, लॅपटॉप पुन्हा मांडीवर घेतला आणि ती ओळ होती तशीच, ‘आला’ म्हणूनच, राहू दिली.